खोडवा, पाचट आणि पाव ग्रॅम माती : प्रकल्प नोंदी

६ फेब्रुवारी, शिरोळ तालुका

प्रश्न एका ओळीत मावतो. ऊस तुटल्यावर ज्यांनी पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळली त्यांच्या खोडव्याच्या (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाच्या) मातीतले जिवाणू, आणि ज्यांनी ती सरीत ठेवली त्यांच्या मातीतले जिवाणू, यांत फरक असतो का? कोल्हापूर जिल्ह्यातले करवीर, पन्हाळा आणि शिरोळ असे तीन तालुके घेतलेत. पहिल्या दोन तालुक्यांतले नमुने झाले, आजपासून शिरोळ.

नमुना घ्यायची रीत माती परीक्षणाचीच. बांध आणि पाट सोडून रानातून नागमोडी चालायचं, ठिकठिकाणी १५ सेंटिमीटर खोल माती काढायची, घमेल्यात ढेकळं फोडून मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उलट आमचं कुठे चुकतंय का यावर बांधावरून चार जणांचं लक्ष असतं. शेवटी डीएनए काढायला यातली फक्त पाव ग्रॅम माती लागते. पाव ग्रॅमवर एकराचा निकाल द्यायचा, हे या धंद्यातलं सर्वात मोठं धाडस आहे आणि शोधनिबंधात ते एका वाक्यात उरकलं जातं.

एका रानात अजून राख उडत होती. रानाचे मालक, त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, आमच्याकडे बघून हसत होते.

“जाळल्याबिगार खोडवा नीट फुटतोय व्हय ताई? उंदरं होत्यात. सरीतनं पाणी म्होरं सरकत न्हाई.”

शेजारच्या रानातून लगेच उत्तर आलं, “तात्याचं काय ऐकू नगासा. ह्यानं काडी लावली की माझंबी पेटतंय!”

हे दुसरं वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. ‘पाचट ठेवली’ या रकान्यात हे रान बसतं का, हे ठरवायचं आहे.

८ फेब्रुवारी

सगळी दुपार माहितीच्या तक्त्यावर गेली. प्रस्तावात दोन गट होते, जाळली आणि ठेवली. गावात निघाले ते असे: अर्धी जाळली; शेजाऱ्याची आग आली; गेल्या साली जाळली, अवंदा ठेवली; यंत्राने कुट्टी करून ठेवली; जनावरांखाली घालायला नेली, उरलेली जाळली; निडवा (खोडव्यानंतरचा खोडवा) आहे, धरायचा की मोडायचा ते ठरलेलं नाही.

ठरवलं ते असं की आधी शेतकरी जे बोलला ते त्याच्याच शब्दांत एका रकान्यात टाकायचं, आणि गटाचा आकडा शेजारच्या रकान्यात. गट नंतर बदलता येतात. शब्द एकदा गेले की परत मिळत नाहीत. आमच्या एम.एस्सी.च्या पोराला हे काम कंटाळवाणं वाटतंय. त्याला संगणकावर पायथन चालवायचं आहे. चालव म्हटलं, पण आधी फोन लाव आणि अमक्यांच्या रानात शेणखत कधी पडलं ते विचार.

२० फेब्रुवारी

डीएनए काढायला सुरुवात. शिरोळची खोल काळी माती त्रास देते. ह्युमिक आम्लं (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतली) डीएनएबरोबर उतरतात, नळीतलं द्रावण चहाच्या रंगाचं दिसतं आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची क्रिया, अडतं. दहापट पातळ केल्यावर बहुतेक नमुने चालले. पन्हाळ्याच्या तांबड्या मातीने काहीच नखरे केले नाहीत.

नमुन्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलाय. गावागावाच्या क्रमाने काढले असते तर सोमवारचं किट (डीएनए काढायच्या रसायनांचा संच) म्हणजे करवीर आणि गुरुवारचं किट म्हणजे शिरोळ असं झालं असतं, आणि पुढे किटमधला फरक मातीतला फरक म्हणून छापून आला असता. प्रत्येक बॅचमध्ये एक कोरी नळीही आहे, माती न घालता तेच सगळे सोपस्कार केलेली. २०१४ साली सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की किटमध्येच जिवाणूंचा डीएनए असतो, आणि नमुन्यात मुळातच कमी डीएनए असेल तर किटचे पाहुणेच घरमालक होऊन बसतात. मातीत डीएनए भरपूर, त्यामुळे धोका कमी. पण त्या दूषकांच्या यादीत ब्रॅडीरायझोबियम हा जिवाणू आहे, आणि तो इथल्या मातीत खरोखरही असतोच. नुसतं नाव बघून काढून टाकलं तर खरा माणूसही हद्दपार होईल. कोऱ्या नळ्या हव्यात त्या यासाठी.

१६ एप्रिल

पुण्याहून सिक्वेन्सिंगचा डेटा आला. जिवाणू ओळखायला वापरतात ते सोळा-एस जनुक साधारण १५०० अक्षरांचं, त्यात नऊ बदलते टप्पे. आम्ही तिसरा-चौथा टप्पा वाचून घेतलाय. तुकडा सुमारे ४६० अक्षरांचा, आणि दोन्ही टोकांकडून प्रत्येकी ३०० अक्षरं वाचलेली.

नेहमीप्रमाणे उलट बाजूचं वाचन शेवटाकडे ढासळलंय. पुढचं वाचन २८० वर कापलं आणि मागचं २२० वर. दोन्हींतून प्रायमर (तुकड्याच्या टोकांना चिकटणारे छोटे डीएनए) काढले तर २६३ आणि १९९ उरतात, मिळून ४६२. प्रायमर सोडून तुकडा सुमारे ४२६. म्हणजे दोन्ही वाचनं ३६ अक्षरांवर एकमेकांना भेटतात. वाचनं जोडून नेमके क्रम काढणाऱ्या दादा-टू या प्रणालीला किमान १२ लागतात, तेव्हा सुटलो. मागचं वाचन आणखी ३० अक्षरांनी कापून दर्जा सुंदर दाखवता आला असता, पण मग लांब तुकडेवाल्या जाती जुळल्याच नसत्या आणि गुपचूप गायब झाल्या असत्या. आलेखातली देखणी रेघ बघून कापणं ही नव्या पोरांची खोड असते. हा हिशेब पाठ व्हायला हवा.

१८ एप्रिल

मॉक नमुना उघडला. आठ जिवाणू आणि दोन यीस्ट यांचं हे विकतचं ठरलेलं मिश्रण. त्यात काय आहे ते आधीच माहीत असतं, म्हणून आपली यंत्रणा खरं बोलते का ते कळतं. आठही जिवाणू आले. यीस्ट आले नाहीत, येणारही नव्हते, कारण ती बुरशी आहे आणि आमचा प्रायमर तिच्या जनुकाला लागत नाही.

सर नेमके त्याच वेळी मागे उभे होते. म्हणाले, “मग पाचट कुजवतं कोण?”

पाचटीतलं सेल्युलोज आणि लिग्निन फोडण्याचं मोठं काम बुरशीचं. म्हणजे पाचटीचा अभ्यास करताना कुजवणाऱ्यांतला मोठा भिडू आमच्या चौकटीबाहेर आहे. हे प्रस्तावात लिहिलेलं होतं, ‘जिवाणूंपुरता मर्यादित’ असं. पण प्रस्तावातलं वाक्य आणि पडद्यावरच्या दोन रिकाम्या ओळी यांत फरक पडतो. बुरशी ओळखायच्या आयटीएस टप्प्यासाठी पैसे मागायचे. डीएनए उणे ८० अंशांना ठेवलेला आहे, माती पुन्हा आणायला नको.

२५ एप्रिल

पहिलं पूर्ण चित्र. सगळे नमुने एका प्रतलावर ठिपक्यांनी मांडले, जिवाणू जितके सारखे तितके ठिपके जवळ, आणि तीन ढीग पडले. तालुक्यांचे. पाचटीचा रंग दिला तर जाळलेले आणि ठेवलेले ठिपके प्रत्येक ढिगात खिचडीसारखे मिसळलेले.

यात नवल नाही. तांबड्या आम्लधर्मी मातीतले जिवाणू आणि क्षारपड काळ्या मातीतले जिवाणू वेगळे असतात, सामू (पीएच) हा मातीतल्या जिवाणूंचा सर्वात कडक मुकादम आहे, हे जगभर दिसलंय. पुढची गंमत अशी की शिरोळच्या ढिगात उसाच्या वाणानुसार दोन सुबक गट दिसतात. को ८६०३२ एका बाजूला, फुले २६५ दुसऱ्या बाजूला. आमचा पोरगा उड्या मारायला लागला, ‘वाण आपले जिवाणू निवडतो’ म्हणून.

वाण जिवाणू निवडत असेलही. पण फुले २६५ हा वाण शेतकरी मुद्दाम क्षारपड रानात लावतात, कारण तो तिथे तग धरतो. क्षारता मोजलेले आकडे शेजारी ठेवले, तर गट वाणाचे नसून मिठाचे निघाले. वाण आणि मीठ हातात हात घालून फिरतात, त्यांना वेगळं करायला दोन्ही जमिनींत दोन्ही वाण हवेत. तसं रान आमच्याकडे नाही. तेव्हा वाणाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

३ मे

आज पोराला टक्केवारीचा सापळा समजावला. सिक्वेन्सर जिवाणू मोजत नाही, ठरावीक वाचनं देतो. म्हणजे हाती येतो तो वाटा. कारखान्याच्या निवडणुकीत एका पॅनेलची टक्केवारी वाढली तर त्याची मतं वाढली की समोरच्याचे मतदार घरी बसले, हे एकूण मतदान कळल्याशिवाय सांगता येत नाही. आमच्याकडे एकूण मतदानाचा आकडाच नाही. एक जात घटली की बाकीच्या सगळ्या कागदावर वाढतात.

ही अडचण जुनी आहे. समान भाजकाने भागलेल्या गुणोत्तरांमध्ये खोटा सहसंबंध उगवतो, हे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने १८९७ सालीच सांगितलं होतं. त्यावरची नीट रीत १९८२ मध्ये जॉन एचिसनने मांडली: वाट्यांकडे थेट बघू नका, वाट्यांच्या गुणोत्तराचा लॉग घ्या. आम्ही प्रत्येक वाटा त्या नमुन्याच्या भौमितिक सरासरीने भागून लॉग घेतो. शून्याचा लॉग निघत नाही, त्यामुळे शून्यांचं काय करायचं हा वाद उरतोच, आणि मातीच्या तक्त्यात बहुतेक रकाने शून्याचेच असतात.

सायंकाळी तीन पद्धतींनी ‘कोणत्या जाती बदलल्या’ याची यादी काढली. तीन पद्धती, तीन याद्या, आणि त्यातली एक तर दुसरीच्या कित्येक पट लांब. २०२२ साली १४ पद्धती ३८ डेटासंचांवर चालवून बघितल्या गेल्या, तेव्हाही हेच झालं होतं. लांब यादीचा मोह होतो. तीनही याद्यांत एकाच दिशेने येईल तेवढंच धरायचं, आणि फरक योगायोगाचा तर नाही ना हे बघायच्या चाचणीत ‘जाळली’-‘ठेवली’च्या चिठ्ठ्या गावाच्या आतच पिसायच्या, एका गावातली दुसऱ्या गावात जाता कामा नये. हा नियम आज तारखेसह फोल्डरमध्ये टाकला, निकाल बघण्याआधी.

१० मे, शिरोळ

नियमातून उरलेली यादी छोटी आहे. पाचट ठेवलेल्या रानांत नायट्रोस्पायरा (नायट्राइटचं नायट्रेट करणारा जिवाणू) आणि अमोनियाचं ऑक्सिडीकरण करणारी मंडळी थोडी जास्त. मला हे उलट वाटत होतं. पाचटीत कर्ब रग्गड आणि नत्र अर्ध्या टक्क्याच्या आत, त्यामुळे ती कुजताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात. मग नत्रावर जगणाऱ्यांची चैन कशी?

फोनवर हे विचारता येत नाही, म्हणून गेलो. पाचट ठेवणाऱ्या पहिल्याच माणसाने दोन मिनिटांत उलगडा केला.

“आता पाचाट कुजाया युरिया टाकाय लागतोच की. आन् ती कल्चरची पुडी.”

शिफारसच तशी आहे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट, तिच्यावर ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारं संवर्धक. म्हणजे आमच्या तक्त्यातली ‘पाचट ठेवली’ ही एक गोष्ट नाहीच. ती पाचट अधिक युरिया अधिक पुडी आहे. नायट्रोस्पायराला पाचटीशी देणंघेणं नसेल, तो युरियाच्या पंगतीला आला असेल.

मग तात्यांकडे. ते का जाळतात याचं उत्तर फेब्रुवारीतच मिळालं होतं, सरीतून पाणी पुढे सरकत नाही. आज त्या वाक्याचा दुसरा अर्थ लागला. तात्यांचं रान पाटपाण्याचं. ठिबक असलेल्याला पाचटीचा अडथळाच नाही, त्यामुळे ठेवणाऱ्यांत ठिबकवाले जास्त. वहीतला शब्दांचा रकाना काढून गावातच बसून मोजलं. अगदी तसंच आहे. पाचट, युरिया, ठिबक, तिन्ही एका गाडीत बसून आलेत आणि आम्ही फक्त पुढच्या सीटवरच्याचं तिकीट फाडलंय.

निघताना तात्यांनी विचारलं, “ॲसिटोबॅक्टर घावलं का न्हाई आमच्या रानात?” लागणीआधी बेणं बुडवायला ते दरवर्षी या जिवाणूची बाटली आणतात. हा जिवाणू १९८८ मध्ये ब्राझीलच्या उसातून वेगळा केला गेला, आता त्याला ग्लुकोनॲसिटोबॅक्टर म्हणतात, आणि तो राहतो उसाच्या आत. मातीच्या नमुन्यात तो न दिसणं म्हणजे बाटली वाया गेली असं नव्हे. हे सांगितलं. तात्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. “मंग उसाचंबी बघा की,” म्हणाले. बरोबर आहे, पण उसाच्या कांड्यात वनस्पतीचाच डीएनए एवढा असतो की वाचनांतला मोठा भाग हरितलवक आणि तंतुकणिकांवर खर्च होतो. तो वेगळा प्रकल्प.

२३ मे

दुसरी खेप, वळवाआधी तीच रानं. कारण असं: जाळल्यानंतर लवकर घेतलेल्या नमुन्यात मेलेल्या जिवाणूंचा डीएनए तसाच पडून असतो. २०१६ मधल्या एका अभ्यासात मातीतल्या जिवाणूंच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के असा मृत शिल्लक निघाला होता. म्हणजे आगीत कोण मेलं हे फेब्रुवारीची माती सांगू शकत नाही. हजेरीपटावर मेलेलेही हजर दिसतात. शिवाय पाचटीची आग सरकन पुढे जाते, माती वरवर तापते आणि आम्ही १५ सेंटिमीटरची सरासरी घेतो. ‘जाळल्याने काही फरक पडत नाही’ हे वाक्य या डेटातून लिहिण्याचा अधिकार आम्हाला नाही. तात्या तेच ऐकायला उत्सुक आहेत, ही गोष्ट वेगळी.

२४ जुलै

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीवर. लोक धोका पातळीचा ४३ चा आकडा मनात धरून फोन बघतायत. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा (नदीचं पाणी दत्तमंदिरातून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं तो) होऊन गेला. शिरोळकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, मातीचे नमुने मेमध्येच आणलेत हे बरं.

वीज ये-जा करतेय. मोठी गणनं रात्रीवर न टाकता तुकड्यांनी चालवतोय, प्रत्येक टप्प्याची फाइल जतन करत.

पुरामुळे एक रकाना वाढला. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोणतं रान किती दिवस पाण्याखाली होतं? आठवडाभर पाण्याखाली राहिलेल्या मातीत हवा संपते, गाळ येऊन बसतो. त्याचा ठसा किती वर्षं टिकतो कोण जाणे, पण विचारायला हवं. पोराने दोन दिवस फोन केले. शेतकऱ्यांना तारखा आठवतात. पाणी कोणत्या बांधापर्यंत आलं होतं तेही.

९ ऑगस्ट

दुसऱ्या खेपेचा डेटा. तालुक्याचा ढीग तसाच भक्कम. तालुका, क्षारता आणि सिंचन बाजूला काढल्यावर पाचटीच्या वाट्याला फार थोडं उरतं, आणि ते थोडंही पाचटीचं की युरियाचं ते वेगळं करता येत नाही.

सरांबरोबर तासभर वाद. त्यांच्या मते एवढ्यावर छोटा शोधनिबंध होतो. माझ्याही मते होतो, फक्त शीर्षकात ‘परिणाम’ नको. सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “‘संबंध’ लिहा. आणि युरियाचं पहिल्याच परिच्छेदात सांगा, चर्चेत दडवू नका.” पाचट ठेवल्याने जमिनीचा कर्ब सुधारतो, ओल टिकते, याला आमच्या जिवाणूंच्या दाखल्याची गरज नाही, तो वेगळ्या मोजमापांनी ठरलेला मुद्दा आहे. त्यावर आमचा शिक्का मारायची घाई नको.

२९ ऑगस्ट

डेटा सार्वजनिक संग्रहात टाकायची तयारी. मातीच्या नमुन्यांसाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात आगीचा रकाना आहे, पुराचा आहे, मशागतीचा, खतांचा आणि फेरपालटीचाही आहे. बहुतेक लोक ते रिकामे सोडतात. आम्ही सगळे भरतोय. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर काही जाणार नाही, आणि अक्षांश-रेखांश गावापुरते ढोबळ करून टाकतोय. रान ओळखू येता कामा नये, तशी परवानगीच आम्ही घेतलेली नाही.

१२ ऑक्टोबर, शिरोळ

पुढच्या हंगामाची आखणी. आता एकाच रानात तुलना करायची. पट्टे पाडायचे: पाचट जाळलेली, ठेवलेली, ठेवून संवर्धक घातलेली, आणि बाहेर काढून नेलेली. युरिया सगळ्या पट्ट्यांना सारखा. सिंचन सगळीकडे एकच, कारण रानच एक. पट्ट्यांमध्ये आग पलीकडे जाऊ नये म्हणून मोकळी जागा. कोणत्या पट्ट्यात काय, ते चिठ्ठ्या टाकून. बुरशीसाठी आयटीएसचे पैसे मंजूर झालेत.

तात्या अर्धं रान द्यायला तयार आहेत. चिठ्ठ्यांचं मात्र पटेना.

“माझ्या रानात कुठं जाळायचं ते चिठ्ठी ठरवणार?”

पाटाच्या तोंडाची सरी नेहमीच चांगली येते ना, मग तिथे तुम्ही जाळलीत तर श्रेय आगीला जाईल, असं म्हटल्यावर थांबले. मग शेजाऱ्याकडे बघून म्हणाले, “ह्याच्या बांधाकडचा पट्टा तेवढा जाळायच्या चिठ्ठीत घालू नगासा.” शेजाऱ्याने मान डोलावली. तो पट्टा प्रयोगातून वगळला, नकाशावर तशी खूण केली. तोडीनंतर प्रत्येक पट्ट्याचा ऊस वेगळा तोलायचा, ही तात्यांची अट. वजनकाट्याचं बोलायला सोमवारी पुन्हा जायचंय.